प्रयोग कोणाचा? : जे. बी. एस. हाल्डेन यांची जीवनकथा

(बी. ए. भाग दोन)

गेल्या पावसाळ्यात, रोवणा ऐन भरात असताना, माझ्या धाकट्या भावाला पुन्हा कळा आल्या. दिवसभर तो बांधीतल्या पाण्यात उभा राहून पेंढ्या टाकत होता. रात्री गुडघे, पाठ आणि छाती अशी काही दुखू लागली की त्याचे कण्हणे चार घरे पलीकडे ऐकू जात होते. पहाटे त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. सलाईन लागली, तेव्हा कुठे दुपारी त्याचा डोळा लागला. त्याला सिकलसेलचा आजार आहे. आई आणि बाबा दोघेही या रोगाचे वाहक आहेत, आणि मीही वाहक आहे. हे येथे लिहावे की न लिहावे याचा मी पुष्कळ विचार केला. पण हे लपवून पुढचे सांगितले तर लेख अर्धा राहील, म्हणून लिहीत आहे.

त्या दुपारी खाटेच्या पायथ्याशी बसून आईने मला विचारले की असले रक्त घडवले तरी कोणी? आई शाळेत गेलेली नाही. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे जगातल्या सर्व प्रश्नांची उत्तरे मला ठाऊक असली पाहिजेत असा तिचा समज आहे. मी काही बोलण्याच्या आत भेटीला आलेल्या माझ्या मामेभावाने उत्तर दिले. माणूस हा परग्रहावरच्या लोकांनी केलेला एक प्रयोग आहे, असे त्याने मोबाईलवर पाहिले होते. हजारो वर्षांपूर्वी ते यानातून उतरले, त्यांनी माकडाच्या रक्तात फेरफार करून माणूस बनवला, आणि प्रयोग म्हटला की काही नग बिघडायचेच, असे तो आत्याला समजावू लागला. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. तो आपल्या परीने धीरच देत होता. आईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती गप्प बसली.

मला मात्र चैन पडेना. आजी हयात असताना हेच दुखणे मागल्या जन्मीच्या पापाचे फळ आहे असे म्हणत असे. मामेभावाने पापाच्या जागी प्रयोग आणला आणि देवाच्या जागी परग्रहवासी आणले. पण माझा भाऊ दोन्हीकडे बिघडलेलाच ठरला. खाटेवर झोपलेल्या चौदा वर्षांच्या पोराला फसलेला नग म्हणणे मला सहन झाले नाही. तरीही तेथे मला उत्तर देता आले नाही, ही गोष्ट खरी.

कॉलेज सुरू झाल्यावर मी ग्रंथालय गाठले. ग्रंथपाल सरांनी प्रथम एरिक फॉन डेनिकेन यांचे १९६८ साली प्रसिद्ध झालेले आणि जगभर खपलेले पुस्तक दिले. मामेभावाने पाहिलेले पुष्कळसे त्यातूनच आलेले आहे हे माझ्या ध्यानात आले. पुस्तक रंजक आहे, परंतु त्यात प्रश्नचिन्हे फार आणि पुरावे थोडे. मग सरांनी काही न बोलता दुसरे एक जुने, बांधणी उसवलेले पुस्तक पुढे ठेवले. ते जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाविषयी होते. मी कला शाखेची विद्यार्थिनी, गणिताशी माझे दहावीपासूनच बिनसलेले. परंतु पहिल्याच प्रकरणात एक गोष्ट वाचली आणि पुस्तक खाली ठेववेना. हाल्डेन हे स्वतः कला शाखेचे पदवीधर होते!

जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनक्रियेचे नामवंत अभ्यासक होते. कोळशाच्या खाणीत स्फोट झाला की कामगार नेमके कशाने मरतात हे शोधण्यासाठी ते स्वतः खाणीत उतरत. विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून खाणीत लहान पक्षी न्यावेत, ही त्यांचीच सूचना. या कामात ते आपल्या मुलालाही बरोबर नेत. एकदा त्यांनी खाणीत, वायू साठलेल्या जागी, मुलाला उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातले भाषण म्हणायला सांगितले अशी आठवण सांगतात. थोड्याच वेळात मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली पडला. जमिनीलगत श्वास घेताच त्याला पुन्हा हुशारी आली. खाणीतला तो वायू हवेपेक्षा हलका असतो आणि छतापाशी जमतो, हा धडा त्याला जन्मभर पुरला.

माझे बाबाही काही वर्षे कोळशाच्या खाणीवर ठेकेदाराकडे कामाला जात होते. म्हणून हा प्रसंग मी दोनदा वाचला.

हाल्डेन यांचे शिक्षण ईटन येथील धनिकांच्या शाळेत झाले. तेथे मोठ्या मुलांनी त्यांना फार छळले. पुढे ऑक्सफर्डला त्यांनी आरंभी गणित घेतले, मग ते सोडून ग्रीक, लॅटिन आणि तत्त्वज्ञान घेतले, आणि १९१४ साली पहिल्या वर्गात पदवी मिळवली. विज्ञानाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. पण घरी मात्र ते आणि धाकटी बहीण नेओमी गिनीपिग आणि उंदीर पाळून त्यांच्या पिढ्यांची नोंद ठेवत. कोणते गुण जोडीने पुढच्या पिढीत उतरतात यावरचा त्यांचा उंदरांविषयीचा निबंध १९१५ साली छापला गेला, तेव्हा हाल्डेन युद्धावर होते. या कामातला त्यांचा तिसरा सोबती त्याच युद्धात मारला गेला.

पहिल्या महायुद्धात १९१५ साली जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला. त्यावर मुखवटा तयार करण्याचे काम वडिलांकडे आले. काचेच्या बंद खोलीत क्लोरीन सोडून, त्यात स्वतः बसून, कोणता मुखवटा किती वेळ टिकतो हे बापलेकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. पुढे मेसोपोटेमियाच्या आघाडीवर जखमी झाल्यावर हाल्डेन यांना उपचारासाठी भारतात पाठवण्यात आले. भारताशी त्यांची पहिली ओळख ती अशी झाली.

युद्धानंतर ते ऑक्सफर्डला आणि १९२३पासून केंब्रिजला शिकवू लागले. या काळातले त्यांचे प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो. रक्तातले आम्ल वाढल्यास शरीराचे काय होते हे पाहण्यासाठी त्यांनी स्वतः आम्लधर्मी द्रव्ये प्राशन केली आणि दिवसेंदिवस धापा टाकत नोंदी केल्या. १९३९ साली लिव्हरपूलच्या उपसागरात थेटिस नावाची पाणबुडी बुडून ९९ माणसे गुदमरून मेली. कामगार संघटनांच्या वतीने हाल्डेन यांनी त्याचा तपास केला. त्यासाठी ते सोबत्यांसह पोलादी पेटीत तासन्तास कोंडून बसले आणि श्वास कसा अडतो, डोके कसे ठणकते याची नोंद घेत राहिले. दुसऱ्या महायुद्धात अशाच दाबाच्या पेटीत झटके येऊन त्यांच्या पाठीच्या मणक्यांना इजा झाली. तिची वेदना त्यांच्या सोबत कायम राहिली.

आपल्या हातून प्रयोग व्हायचा असेल तर ज्याला त्याची जोखीम कळते आणि जो तिला होकार देतो, अशाच माणसावर तो व्हावा, आणि असा पहिला माणूस आपण स्वतः, ही त्यांची रीत दिसते. मामेभावाच्या कथेतले परग्रहवासी याच्या नेमके उलट वागतात. ते दुसऱ्याला न विचारता घडवतात, बिघडवतात आणि निघून जातात. ज्याच्यावर प्रयोग होतो त्याला त्यांच्या कथेत तोंडच नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. माणूस कोणी घडवला? या प्रश्नाला हाल्डेन यांनी तीन बाजूंनी हात घातला.

पहिली बाजू गणिताची. डार्विनने १८५९ साली निसर्गनिवडीचा सिद्धांत मांडला खरा, पण एखादा लहानसा बदल संपूर्ण जातीत पसरायला किती पिढ्या लागतील, याचा हिशेब कोणी केला नव्हता. हाल्डेन, फिशर आणि राइट या तिघांनी तो स्वतंत्रपणे केला. हाल्डेन यांचे याविषयीचे निबंध १९२४पासून निघू लागले. मँचेस्टरच्या परिसरात पांढुरक्या रंगाचा एक पतंग असे. १८४८ साली तेथे त्याचा काळा प्रकार प्रथम आढळला, आणि शतक संपेपर्यंत जवळजवळ सगळे पतंग काळे झाले. कारखान्यांच्या काजळीने झाडे काळी पडली होती, त्यामुळे पांढरे पतंग पक्ष्यांच्या नजरेत भरत. हाल्डेन यांनी आकडेमोड करून दाखवले की एवढ्या थोड्या वर्षांत एवढा बदल व्हायचा तर काळ्या पतंगांची संतती पांढऱ्यांच्या मानाने सुमारे दीडपट टिकत असली पाहिजे. पतंगाला कोणी रंग दिला नव्हता. काजळी, पक्षी आणि पिढ्या एवढ्यावर काम भागले होते.

दुसरी बाजू जीवाच्या उगमाची. १९२९ साली हाल्डेन यांनी एक छोटा लेख लिहिला. पृथ्वीच्या बाल्यावस्थेत हवेत मुक्त प्राणवायू नव्हता, सूर्याचे अतिनील किरण थेट पाण्यावर पडत, त्यामुळे साध्या द्रव्यांपासून सेंद्रिय द्रव्ये तयार होऊन समुद्रात साठत गेली, आणि तो समुद्र पातळ, कोमट सारासारखा झाला, असा तर्क त्यांनी मांडला. त्या सारात पुढे जीव आकाराला आला असावा. रशियातील ओपारिन यांनी १९२४ सालीच असा विचार प्रसिद्ध केला होता, पण तो रशियन भाषेत असल्याने हाल्डेन यांना ठाऊक नव्हता. १९६३ साली अमेरिकेत दोघांची भेट झाली तेव्हा पहिला मान ओपारिन यांचा, हे हाल्डेन यांनी मोकळेपणाने मान्य केले. दरम्यान १९५३ साली शिकागोत स्टॅन्ली मिलर या तरुण विद्यार्थ्याने काचेच्या उपकरणात पाण्याची वाफ, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन घेऊन विजेच्या ठिणग्या पाडल्या. काही दिवसांत त्यात अमिनो आम्ले सापडली. त्या साध्या द्रव्यांपासून पहिली पेशी कशी झाली हे कोडे आजही पुरते सुटलेले नाही. पण त्या वाटेवरच्या पायऱ्या एकेक करून दिसत आहेत.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. परग्रहाचा विचार करणारे सगळेच हवेत बोलणारे नव्हते. डीएनएच्या रचनेचा शोध लावणारे फ्रान्सिस क्रिक यांनी लेस्ली ऑर्गेल यांच्यासह १९७३ साली असे सुचवले की दूरच्या एखाद्या प्रगत संस्कृतीने पृथ्वीवर सूक्ष्मजीव मुद्दाम पाठवले असतील, अशीही एक शक्यता विचारात घ्यावी. परंतु ते सूक्ष्मजीवांविषयी बोलत होते, माणसाविषयी नव्हे, आणि पुरावा अपुरा असल्याचे त्यांनीच नोंदवले होते. बेन्नू नावाच्या लघुग्रहावरची माती २०२३ साली पृथ्वीवर आणली गेली, तिच्यातही अमिनो आम्ले सापडली. म्हणजे जीवाचा कच्चा माल आकाशातही आहे. पण गावाबाहेर रेतीचा ढीग पडला आहे, एवढ्यावरून आपले घर परगावच्या गवंड्याने बांधले असे कोणी म्हणत नाही. शिवाय परग्रहवाशांनी आपल्याला केले म्हटले तरी त्यांना कोणी केले, हा आईचा प्रश्न तसाच उरतो, फक्त घर बदलतो.

तिसरी बाजू रक्ताची, आणि माझ्यासाठी तीच महत्त्वाची. १९३३पासून हाल्डेन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक होते. हिमोफिलिया या रक्तस्रावाच्या आजाराचा अभ्यास करून १९३५ साली त्यांनी मानवी जनुकात आपोआप बदल किती वेळा घडतो याचा अंदाज काढला. तो सुमारे पन्नास हजारांत एक असा आला. म्हणजे जनुकांची नक्कल होताना चुका होतच असतात. कोणी फेरफार करावाच लागत नाही. मग १९४८-४९च्या सुमारास त्यांच्यापुढे एक पेच आला. भूमध्य समुद्राच्या काठी थॅलेसेमिया नावाचा रक्ताचा आजार फार होता. ज्याला आईबापांकडून दोन्ही सदोष जनुके मिळतात तो बहुधा लहानपणीच दगावतो, मग हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या नाहीसे का होत नाही? हाल्डेन यांनी सुचवले की ज्याला एकच सदोष जनुक मिळते, म्हणजे जो वाहक असतो, त्याला मलेरिया कमी बाधत असावा. जेथे मलेरिया माणसे मारतो, तेथे वाहक जगतो, आणि त्याच्यासोबत ते जनुकही जगते. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत हेच तत्त्व सिकलसेलच्या बाबतीत दाखवून दिले.

ही ओळ वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले. आमचा भाग जंगलाचा, धानाचा आणि साचलेल्या पाण्याचा. मलेरियाने येथे किती घरे ओस पाडली असतील त्याची नोंद कोणाकडे नाही. त्या साथींतून आमचे जे पूर्वज वाचले, त्यांतले काही याच जनुकामुळे वाचले असणार. मी वाहक आहे म्हणजे माझ्या रक्तात कोणाचे पाप नाही आणि कोणाचा फसलेला प्रयोगही नाही. कोण्या खापरपणजीला डासांच्या एका पावसाळ्यातून ज्याने तारून नेले, तेच मी बाळगून आहे. त्याची किंमत माझा भाऊ मोजतो आहे. आई आणि बाबा दोघेही वाहक असल्याने प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक होती. ती त्याच्या वाट्याला आली. माझ्याही वाट्याला येऊ शकली असती.

हाल्डेन यांना मी देव केलेले नाही. ते कट्टर साम्यवादी होते आणि पक्षाच्या वृत्तपत्रात कामगारांसाठी विज्ञानावर सोप्या भाषेत सातत्याने लिहीत. ते लेखन मोलाचे आहे. परंतु रशियात लायसेंको याने राजसत्तेच्या बळावर आनुवंशशास्त्राची गळचेपी केली, वाव्हिलोव्ह यांच्यासारखा थोर शास्त्रज्ञ १९४३ साली तुरुंगात मेला, तरी हाल्डेन बराच काळ स्पष्ट बोलले नाहीत. १९५०च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले. स्वतःच्या शरीरावर निर्भयपणे प्रयोग करणारा माणूस स्वतःच्या मतावर प्रयोग करताना मात्र कचरला, असे मला वाटते.

१९५७ साली, पासष्टीला टेकलेले असताना, ते पत्नी हेलन स्पर्वे यांच्यासह भारतात आले. सुएझवरील ब्रिटिश हल्ल्याचा निषेध हे एक कारण त्यांनी जाहीर केले. प्रा. महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत दाखल झाले. ते धोतर-कुडता वापरू लागले, त्यांनी मांसाहार सोडला आणि भारताचे नागरिकत्व घेतले. १९६१ साली मतभेद होऊन त्यांनी ती संस्था सोडली, आणि १९६२ साली ओरिसा सरकारच्या मदतीने भुवनेश्वरला आपली प्रयोगशाळा उभारली.

भारतातील विद्यार्थ्यांना त्यांनी दिलेला धडा मला सर्वांत जवळचा वाटतो. महागडी यंत्रे नसली तरी डोळे, वही आणि मोजदाद यांवर चांगले विज्ञान करता येते, असे ते शिकवत. त्यांच्या एका सहकाऱ्याने नारळाच्या झाडांची पाने डावीकडे वळतात की उजवीकडे, हे मोजले. दुसऱ्याने घाणेरीच्या फुलांचा कोणता रंग कोणत्या फुलपाखराला आवडतो, याची नोंद ठेवली. घाणेरी तर आमच्या बांधावरही माजलेली आहे. तिच्याकडे पाहून प्रश्न विचारता येतो, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते.

१९६३ साली त्यांना आतड्याचा कर्करोग झाल्याचे कळले. दवाखान्यात पडल्या पडल्या त्यांनी त्या रोगावर एक विनोदी कविता लिहिली. लोकांनी लाजेने रोग लपवू नये आणि वेळेवर डॉक्टरकडे जावे, हा तिच्यामागचा हेतू. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह काकिनाडा येथील रंगराया वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला. जन्मभर जे शरीर प्रयोगासाठी वापरले, ते शेवटी आंध्रातील विद्यार्थ्यांच्या अभ्यासाला आले.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा आईला तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. मलेरियाचे आणि खापरपणजीचे सगळे सांगितले. ती ऐकत राहिली, मग तिने एवढेच विचारले की म्हणजे त्याच्यात माझी चूक नाही ना? इतकी वर्षे ती मनात काय घेऊन वावरत होती ते मला त्या क्षणी कळले. परग्रहवाशांचा प्रश्न मागे पडला. मामेभावालाही सांगितले. त्याला पूर्ण पटले असे नाही, पण त्याने दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन स्वतःचे रक्त तपासून घेतले.

सध्या मी एक वही केली आहे. आमच्या टोलीतल्या प्रत्येक घरात जाऊन, त्यांची संमती घेऊन, आजा-पणज्यापर्यंत कोण कशाने गेले आणि कोणाची तपासणी झाली आहे हे लिहून घेते. सोळा घरे झाली आहेत. वहीच्या पहिल्या पानावर मी माझे स्वतःचे नाव लिहिले असून त्यापुढे वाहक असे स्पष्ट लिहिले आहे. उद्या कोणी मला मागणी घालायला आले तर पत्रिका पाहण्याआधी त्यांना हे पान दाखवावे, असे मी घरी सांगून ठेवले आहे. बाबा आधी काही बोलले नाहीत. मग त्यांनी वहीला घालायला जाड कागदाचे वेष्टन आणून दिले.